फळ्यावरचं माझं नाव

माफी कशी मागायची, हे मला फार चांगलं येतं. जपानमध्ये, तोयोसूमधल्या एका आयटी कंपनीत कित्येक वर्षं मी तेच काम करते. माझ्या कार्डावर ‘ब्रिज इंजिनिअर’ असं छापलेलं आहे. जपानी ग्राहक एका काठावर, पुण्यातली आमची टीम दुसऱ्या काठावर आणि मधे मी. पुण्याहून आमचा टीम लीड सुशांत म्हणतो, “मॅडम, ऑलमोस्ट झालंय.” म्हणजे काम अर्ध्यावर आहे. इकडे ग्राहक म्हणतो, “जरा अवघड दिसतंय.” म्हणजे नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत जे पडतं ते उचलायचं, पुसायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं, हा माझा धंदा. पोचवताना बहुतेक वेळा सोबत माफी जोडावी लागते. उशिराची माफी वेगळी, चुकीची वेगळी. अजून चूक झालेली नाही पण होण्याची चिन्हं आहेत, तिची सर्वांत वेगळी.

इथल्या मराठी मंडळाच्या या अंकाच्या संपादकांनी मला ‘नोकरी, घर आणि वेळेचं नियोजन’ असा विषय दिला होता. मंडळात या विषयावर मी एकदा भाषण केलेलं आहे, पडद्यावर फ्रीजरमधल्या डब्यांचे फोटो दाखवून. ज्यांनी ते ऐकलं त्यांची मी आधी क्षमा मागते. ही माफी वरच्या कुठल्याच प्रकारात बसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या ग्राहकांमधले सर्वांत अवघड कुदो-सान. त्यांची कंपनी सुपरमार्केटांना थंड माल पोचवते. दूध, तोफू, ताज्या शेवया. कुठल्या दुकानाची खोकी कुठल्या ट्रकमध्ये कधी चढवायची, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आमचं. कुदो-सान पन्नाशीचे, बारीक अंगाचे, हळू आवाजात बोलणारे. स्क्रीनची प्रिंट काढून ते पट्टीनं मोजतात. पहिल्या पानावर दोन रकान्यांमधे जेवढं अंतर आहे तेवढं दुसऱ्या पानावर का नाही, असं ते एकदा विचारत होते आणि पुण्यातली मुलं कॅमेरे बंद करून हसत होती. मी हसले नाही. मला ते आवडायचे. मीही आमच्या घरातले डबे उंचीप्रमाणे लावते.

चूक झाली की कुदो-सानांकडे एक पद्धत आहे. जपानमध्ये बऱ्याच कंपन्यांत ती आहे. तिला ‘नाझे-नाझे’ म्हणतात. नाझे म्हणजे ‘का’. फळ्यावर चूक लिहायची आणि का झाली ते विचारायचं. उत्तर आलं की त्याच्यापुढे पुन्हा का. असं पाच वेळा. ऐकायला सोपं आहे. पहिल्यांदा आमच्यावर ही वेळ आली तेव्हा सुशांतनं पहिल्याच ‘का’ला विषय संपवला.

“मॅडम, त्या पोराचं लक्ष नव्हतं. समज दिलीय त्याला. परत नाही होणार.”

मी ते घासूनपुसून जपानीत सांगितलं. कुदो-सान म्हणाले, “लक्ष तर माझंही नसतं पुष्कळदा. ते कारण होत नाही. लक्ष नसलेल्या माणसाच्या हातून हे होऊ शकेल, अशी मांडणी कुणी केली, ते सांगा.”

कॉल संपल्यावर सुशांत म्हणाला, “मॅडम, एवढ्या मऊ आवाजात एवढा खडूसपणा कसा जमतो हो यांना?”

मी मात्र ती पद्धत उचलली. पुण्यातल्या नव्या मुलांचे मी तास घ्यायला लागले. ‘विसरला’, ‘नवीन होता’, ‘घाईत होता’ ही उत्तरं बंद. फळ्यावर माणसाचं नाव येता कामा नये. आलं तर समजायचं, आपण मधेच थांबलो. या तासांना मुलांनी ‘मॅडमचा का-का वर्ग’ असं नाव ठेवलं होतं. ते मला माहीत नाही, असं त्यांना अजून वाटतं.

हे ऑफिसचं झालं. घरी मी, माझा नवरा मंदार आणि तिसरीतली मुलगी रेवा. मंदार दुसऱ्या एका कंपनीत आहे, कामाला वाघ आहे आणि स्वभावानं चांगला आहे. “तू फक्त सांग, मी करतो,” हे त्याचं वाक्य, आणि ते खरंही असायचं. म्हणून मी सांगायचे. फ्रीजच्या दारावर आठवड्याचा स्वयंपाक, त्याखाली कुठल्या वारी कुठला कचरा, त्याखाली रेवाच्या शाळेचं: पोहण्याचे कपडे, शाळेत घालायचे पांढरे बूट शुक्रवारी घरी, धुऊन सोमवारी परत, वही कुठली, सही कुठे. सांगणं हेही एक काम आहे, आणि बाकीची सगळी कामं त्याच्यावर टांगलेली असतात, हे माझ्या कुठल्याही यादीत नव्हतं.

थकवा आला की माणूस झोपतो आणि उठल्यावर बरं वाटतं. मला जे झालं ते थकवा नव्हतं, म्हणून मला ते ओळखू आलं नाही. याद्या चालू होत्या. फक्त मधेमधे विचित्र व्हायला लागलं. कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, दुपारचं काही घ्यायला गेले आणि दोन भाताच्या गोळ्यांमधला कुठला घ्यावा हे ठरवता येईना, म्हणून काहीच न घेता परत आले. यादीत ‘दूध’ असं लिहिलेलं होतं. अक्षरं कळत होती, पण दुधाचं काय करायचं असतं ते आठवेना. मग मी काय केलं, तर यादी आणखी बारीक केली. ‘दूध विकत आणणे.’ मला वाटलं, सुटलं.

जूनमध्ये एका संध्याकाळी तोयोसू स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट पाहत मी बाकावर बसले. गाडी आली आणि मी उठले नाही. दुसरी आली. कुणी धक्का दिला नाही, चक्कर आली नाही, रडू आलं नाही. पायांना उठायला सांगायचं असतं आणि ते सांगणारी मी कुठे तरी गेलेली होते. त्याच त्या शांत आवाजात गाड्यांच्या घोषणा होत राहिल्या. फोन वाजला तो गाकुदोचा. शाळा सुटल्यावर नोकरी करणाऱ्यांची मुलं जिथे थांबतात ती जागा म्हणजे गाकुदो. बंद व्हायची वेळ उलटून गेली होती, सगळी मुलं घरी गेली होती आणि रेवा एकटी होती.

फोन मात्र मी उचलला. आणि तेवढ्यानं मी जागेवर आले. आवाज लागला, शब्द आले. मी फोनवरच कमरेत वाकले, उठले, गाडीत चढले, गाकुदोत पोचले आणि तिथल्या सेन्सेईंची, म्हणजे बाईंची, अशी माफी मागितली की त्याच अवघडल्या. रेवा दप्तर पाठीला लावून, टोपी घालून, तयार बसलेली होती.

वाटेत ती म्हणाली, “आई, तू सेन्सेईंना ऑफिसवालं सॉरी म्हणालीस.”

मी म्हटलं, “तुलापण सॉरी ग, रेवा.”

ती म्हणाली, “दाइजोबु.”

दाइजोबु म्हणजे ठीक आहे, काही हरकत नाही, पुढे बोलायला नको. घरात ती आमच्याशी जपानीतच जास्त बोलते, पण हा शब्द शाळेतून आलेला नाही. तो माझा आहे. फोनवर मी दिवसभर तोच म्हणत असते.

त्या आठवड्यात डॉक्टरकडे गेले ते झोपेची गोळी मागायला. डॉक्टर वयस्कर बाई होत्या. त्यांनी थोडेच प्रश्न विचारले आणि तीन महिने काम बंद असं सांगितलं. मी म्हटलं, ऑगस्टमध्ये आमची मोठी रिलीज आहे, ती झाल्यावर लगेच घेते. त्या म्हणाल्या, “तुम्ही आजारी आहात. मीटिंगची तारीख ठरवल्यासारखं काय बोलताय?”

जपानमध्ये अशी रजा नवी नाही. डॉक्टरांचा कागद दिला की कंपनी काहीही न विचारता रजा देते, लॅपटॉप ठेवून घेते, आणि ऑफिसमधल्या कुणीही त्या माणसाशी कामाबद्दल संपर्क करायचा नाही असा नियम असतो. माझं काम नाकाजिमा-सानकडे गेलं. ती माझ्या हाताखालची, तिशीची, शांत मुलगी. मी तिला जाताना खूप मोठं टिपण देणार होते, पण आमच्या इथल्या साहेबांनी ते लिहू दिलं नाही.

आईबाबांना साताऱ्याला सांगितलं, सध्या घरून काम आहे. मंडळात काहीच सांगितलं नाही. खरेदीला तोयोसूला जाणं बंद केलं, कुणी ऑफिसमधलं भेटेल म्हणून. हाडबीड मोडलं असतं तर मी प्लास्टरवर सह्या घेतल्या असत्या. पण धडधाकट बाई दुपारी सोफ्यावर पडलेली आहे आणि बाहेर मांडलेल्या कचऱ्याच्या पिशव्यांपर्यंत जाणं तिला जमत नाही, हे सांगायचं कसं?

अश्विनीला मात्र कळलं. ती आमच्याच इमारतीत राहते आणि माझ्या त्या भाषणाला पहिल्या रांगेत होती. एक दिवस ती दारात डबे घेऊन उभी. मंदारनं सांगितलं असणार. ती डबे ओट्यावर ठेवून गेली. प्रत्येक झाकणावर चिठ्ठी होती: पदार्थ, केलेला दिवस, कधीपर्यंत संपवायचा. सगळं माझ्या पद्धतीनं, माझ्याच भाषणातून घेतलेलं. आमटी उत्तम होती. मी दोन घोट घेतले आणि झाकण परत लावलं. मी लोकांना शिकवत फिरले आणि आता अश्विनी माझ्याच शिकवणीनं मला जेवायला घालत होती. पुढे आणखी दोघी यायला लागल्या, पाळ्या लावून. मी दार मंदारला उघडायला लावायचे.

आता मुख्य गोष्ट. लॅपटॉप कंपनीत होता, पण फोन माझा होता आणि सुशांतकडे माझा नंबर होता. पुण्यात रजा म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. माणूस लग्नाला गेलेला असो की दवाखान्यात, “फक्त एक मिनिट” असं म्हणून त्याला विचारता येतं, आणि त्यात वाईट कुणाला वाटत नाही, उलट नाही विचारलं तर वाटतं. सुशांतनं विचारलं, “मॅडम, बरं वाटतंय का? काळजी घ्या. फक्त एक मिनिट.” आणि मी उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशीही दिलं. खरं सांगायचं तर दिवसभरात तेवढी दोन मिनिटंच मी माणसांत असल्यासारखी वाटायची. कचरा टाकायला न उठणारी मी सुशांतच्या मेसेजला उठून बसायचे. मंदारपासून लपवायचे. उशीखाली फोन ठेवून. या वयात.

ऑगस्टमध्ये इथे ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, सुट्ट्या असतात, बरीच दुकानं बंद राहतात. त्या सुट्टीतल्या मालाचा हिशेब कुठल्या तारखेवरून धरायचा, असं सुशांतनं विचारलं. मागणी आली ती तारीख की माल पोचायचा ती? मी अंथरुणातून लिहिलं, पोचायची, नेहमीसारखी. दर वर्षी तेच होतं. या वर्षी मात्र नाकाजिमा-साननं कुदो-सानांबरोबर बसून ते बदललेलं होतं. तिनं पुण्याला तसं लिहूनही कळवलं होतं. पण सुशांतला शंका आली, आणि शंका आली की मॅडमला विचारायचं, ही जुनी सवय. माझ्या उत्तराप्रमाणे तोफूचे ट्रक चुकीच्या दिवशी सुटले आणि बंद दुकानांसमोर उभे राहिले. परत आलेला माल टाकून द्यावा लागला. कुदो-सानांची माणसं सणाच्या दिवशी दुकानदारांना फोन करत बसली. नाकाजिमा-सान आमच्या साहेबांबरोबर त्यांच्या ऑफिसात जाऊन सगळ्यांसमोर वाकून उभी राहिली.

मला हे सुशांतच्या मेसेजवरून कळलं. “मॅडम, इकडे जरा मोठा प्रॉब्लेम झालाय. पण तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका. आम्ही तुमचं नाव घेतलेलं नाही.”

शेवटचं वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. त्यानं ते प्रेमानं लिहिलं होतं. एखाद्या मोठ्या माणसाला सांभाळून घ्यावं तसं. माफी मागण्यात जिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तिच्या चुकीची माफी दुसरीच पोरगी मागून आली होती. आणि ती चूक कुणाची, हे तिला ठाऊकही नव्हतं.

दोन दिवस मी गप्प बसले. मग साहेबांना लिहिलं, ते उत्तर माझं होतं. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभारी आहे, कृपया विश्रांती घ्या. रागावले असते तर बरं झालं असतं. त्या दुपारी मी मनातल्या मनात आमचा का-का वर्ग घेतला. मी का उत्तर दिलं? राहवलं नाही म्हणून. का राहवलं नाही? कारण मी कमी पडले होते आणि ते कबूल करायचं नव्हतं. तिथेच थांबले. पुढचा ‘का’ सुचला नाही. राजीनामा द्यायचा, एवढं मात्र पक्कं झालं.

मंदारला सगळं सांगितलं, फोनसकट. त्यानं उशी उचलून खाली बघितलं. मग म्हणाला, “राजीनामा दे नाही तर नको देऊ. पण मला तुझ्या उशीखालचं कळत नव्हतं, हे मला काही बरोबर वाटत नाही.” आणि त्यानं माझा फोन मागितला नाही. स्वतःचा फोन माझ्यासमोर ठेवून सुशांतला लिहिलं, मी मेधाचा नवरा, तिला काहीही विचारायचं असेल तर मला विचारा. सुशांतनं एक नमस्काराचं चित्र पाठवलं. मंदारला कुणी काही विचारलं नाही.

तीन महिने संपत आले की डॉक्टर एक अभ्यास देतात. ऑफिसला जायच्या वेळी निघायचं, ऑफिसच्या दारापर्यंत जायचं आणि आत न जाता परत यायचं. राजीनामा द्यायचा असला तरी अंगात ताकद हवी, असं डॉक्टर म्हणाल्या, म्हणून मी जायचे. दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक मला ओळखायचा. पहिल्या दिवशी त्यानं वाकून सुप्रभात म्हटलं, मी पण म्हटलं आणि वळून चालायला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून तो मला येतानाही वाकायचा आणि पाठमोरी झाल्यावरही. सगळा तोयोसू दरवाज्यातून आत जात होता आणि मी एकटी उलटी.

त्यातल्याच एका सकाळी मागून हाक आली, “मेधा-सान.” नाकाजिमा-सान होती. रक्षकाकडे तिनं चौकशी केली असावी. आम्ही कालव्याकाठी बसलो. तिनं रस्त्याकडेच्या विक्रीयंत्रातून चहाचे दोन कॅन आणले. मी माफी मागायला तोंड उघडणार, तर तीच आधी म्हणाली, मला तुम्हाला एक सांगायचंय, नियमाप्रमाणे मी बोलायला नको, पण तुम्ही परत येण्याआधी सांगायला हवं.

ओबोननंतर कुदो-सानांच्या ऑफिसात नाझे-नाझे झाली होती. फळ्यापाशी खडू नाकाजिमा-सानच्या हातात. साहेबांना केलेल्या माझ्या त्या मेलमुळे तोपर्यंत तिला सगळं कळलेलं होतं.

“चौथ्या ‘का’पुढे मी तुमचं नाव लिहिलं,” ती म्हणाली. “मोठ्या अक्षरांत. मला राग आला होता. ते सांगायला मी आलेय.”

मी म्हटलं, बरोबरच लिहिलंत.

“कुदो-सान उठले आणि त्यांनी ते पुसलं. हातानंच पुसलं, डस्टर शोधलं नाही. म्हणाले, हे कारण नाही. पुण्याहून निघालेला प्रश्न आजारी माणसाच्या घरी का गेला, ते विचारा. मग तेच म्हणाले, दुसरी वाट नव्हती म्हणून. आणि दुसरी वाट नव्हती, कारण सगळं एका माणसाकडून जाणं तुमच्या कंपनीला सोयीचं होतं. मलाही होतं. लिहा. मी म्हटलं, तुमचंही लिहू? ते म्हणाले, नाव नको, पण सोय लिहा.”

तिनं चहा संपवला आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून गेली.

खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं. आणि त्याऐवजी मी कालव्याकडे बघत बसले आणि माझे कान तापले. कारण फळ्यावर जे लिहिलं गेलं त्यात एक गोष्ट राहिली होती, ती मला एकटीला माहीत होती. दुसरी वाट नव्हती, हे खरं, पण ती होऊ नये याची काळजी कोण घेत होतं? नाकाजिमा-सानला मी प्रत्येक मीटिंगला न्यायचे आणि बोलू द्यायचे नाही. सुशांतला जपानी शिकायचं होतं. मी म्हणायचे, कशाला, मी आहे ना. माझ्यावाचून अडतं, याचं मला भूषण होतं. वर मी त्याची तक्रारही करायचे. घरी मंदारनं एकदा स्वतःहून रेवाचे बूट धुतले तेव्हा मी ते त्याच्यादेखत पुन्हा धुतले होते. तेव्हापासून तो विचारायला लागला, “तू फक्त सांग.”

थकून कोसळले याची लाज मला तोवर वाटत होती. ही दुसरी लाज त्याहून जड निघाली. पण पहिलीनं मला सोफ्यावर झोपवलं होतं, दुसरीनं उठवलं. राजीनामा दिला असता तर नाकाजिमा-सानला एक कोरडं टिपण मिळालं असतं आणि मी शेवटच्या दिवसापर्यंत एकटीच शहाणी राहिले असते. मी परत जायचं ठरवलं. एकाच अटीवर, आणि ती मीच घातली: पुण्याशी आणि कुदो-सानांशी बोलेल ती नाकाजिमा-सान, मी शेजारी बसेन.

रजेवरून परतताना मिठाईचं खोकं न्यायची इथे रीत आहे. वेगवेगळ्या वेष्टनांतली बिस्किटं. एकेका टेबलापाशी जायचं, एक ठेवायचं, त्रास दिल्याबद्दल क्षमा मागायची. सगळे म्हणतात, छे छे. नाकाजिमा-सान छे छे म्हणाली नाही. तिनं बिस्किट घेतलं आणि म्हणाली, “मिळाली तुमची माफी.” तेवढं पुरलं.

कुदो-सानांसाठी मी एक माफी तयार करून नेली होती. लांब होती, चांगली होती. मीटिंगच्या सुरुवातीला मी उभी राहिले, वाकले, पहिलं वाक्य पूर्ण झालं. कुदो-सान म्हणाले, “मेधा-सान, दुसऱ्या पानावरचे रकाने अजून तसेच आहेत,” आणि पट्टी काढली. पुण्याकडचे कॅमेरे पटापट बंद झाले. उत्तर नाकाजिमा-साननं दिलं. मला सुचलं असतं त्यापेक्षा ते जरा कमी नेमकं होतं. मी तोंड मिटून बसले. ते किती अवघड गेलं, हे या कामातल्या लोकांनाच कळेल.

घरी फ्रीजचं दार मोकळं केलं. मंदार म्हणाला, “मग मला कळणार कसं?” मी म्हटलं, मला कसं कळायचं? पहिल्या महिन्यात एकदा ओला कचरा राहिला, एकदा रेवा ओले बूट घेऊन शाळेत गेली. शाळेच्या आणि गाकुदोच्या फॉर्मवर संपर्कासाठी पहिला नंबर माझा होता, तो मंदारनं बदलून स्वतःचा घातला. तो बदल मी करू दिला आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण ओटा पुसला.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस मी दिवसभर कुदो-सानांकडे होते. फोन पिशवीत होता आणि तो वाजला नाही. संध्याकाळी घरी आले तर रेवा सोफ्यावर पांघरूण घेऊन पडलेली, कपाळावर थंड पट्टी. ताप दुपारीच आला होता. शाळेनं मंदारला फोन केला, तो ऑफिसातून जाऊन तिला घेऊन आला, डॉक्टरकडे नेऊन आणलं, खिचडी टाकली. मला कुणी कळवलं नव्हतं. ओट्यावर हळद सांडलेली होती. मी ती पुसली नाही.

माझ्याशिवाय सगळं झालं होतं, आणि आधी मनात आलं ते ‘मला का नाही सांगितलं’. अजूनही असंच येतं. बरं होणं म्हणजे हे यायचं थांबणं, असं मी समजत होते. तसं नाही.

रेवाजवळ जाऊन विचारलं, “काय ग, कसं वाटतंय?” मला वाटलं, आता येणार दाइजोबु.

ती मराठीत म्हणाली, “बरं नाही वाटत. डोकं खूप दुखतंय. बाबाला सांगितलंय मी.” मग माझ्याकडे बघून, “तुला कसं वाटतंय?”

माझ्या जिभेवर तो शब्द तयार होता. तो मी गिळला. म्हटलं, “दमलेय ग मी.”

“मग बस ना,” ती म्हणाली आणि पाय आखडून घेतले. मी कोट न काढताच तिच्या पायांशी बसले. आतून मंदारनं विचारलं, खिचडीत मीठ किती घालायचं. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळानं चमचा भांड्यावर आपटल्याचा आवाज आला आणि त्यानं चव घेतली.